भोग आणि पथ्य

आजार हा पूर्वकर्माचा भोग की या जन्मीच्या कुपथ्याचे फळ, हा वाद भारतीय वैद्यकाइतकाच जुना आहे. दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात त्याच्या दोन्ही बाजू एकाच घरात नांदतात. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावायचे, खोकल्याला हळदीचे दूध, आजारातून उठलेल्याला नाचणीची पेज. अलीकडे यांच्या जोडीला बी-१२ च्या गोळ्या आणि अश्वगंधाच्या कॅप्सूलही आल्या आहेत. एवढे करूनही गुण आला नाही, तर ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’ हे ठरलेलेच. पण या दोन भूमिकांचा मेळ सहज बसत नाही. दुखणे प्रारब्धाचे असेल तर पेज आणि गोळी दोन्ही व्यर्थ. ते केवळ खाण्यापिण्यातून येत असेल, तर प्रत्येक रोगी स्वतःच्या दुखण्याचा अपराधी ठरतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २५ व्या अध्यायात हा प्रश्न ऋषींच्या सभेत मांडला आहे. ज्यापासून पुरुष उत्पन्न होतो त्यापासूनच रोगही उत्पन्न होतात काय, असे काशीचा राजा वामक विचारतो. त्यावर कोणी आत्म्याला कारण मानतो, कोणी मनाला, कोणी रसाला, तर कोणी मातापित्यांना. भद्रकाप्य कर्माचा पक्ष घेतो, भरद्वाज स्वभावाचा आणि भिक्षू आत्रेय काळाचा. अखेरीस पुनर्वसू आत्रेय सर्वांना थांबवतात. एकच पक्ष धरून वाद घालणारे घाण्यावर बसून फिरणाऱ्यासारखे गोल गोल फिरतात, कोठेच पोहोचत नाहीत, असे ते म्हणतात. त्यांचा निर्णय असा: ज्या भावांच्या (घटकांच्या) सुस्थितीतून माणूस घडतो, त्यांच्याच बिघाडातून रोग होतात, हितकर आहार हे वाढीचे आणि अहितकर आहार हे रोगाचे कारण होय.

येथे चर्चा संपली असती तर सगळा दोष रोग्याच्या ताटावर आला असता. पण आत्रेयांचा शिष्य अग्निवेश पुढे विचारतो की हित कोणते आणि अहित कोणते हे ओळखावे कसे? उत्तरात मात्रा, काळ, संस्कार, भूमी, देह, दोष आणि वय यांचा हिशेब येतो. एकाला पथ्यकर असलेला पदार्थ दुसऱ्याला, किंवा त्यालाच दुसऱ्या ऋतूत, अपथ्यकर ठरतो. त्यामुळे ‘अमुक पदार्थ आरोग्याला चांगला’ हे विधान या विचारात अपुरे आहे. कोणाला, केव्हा आणि किती, हे सांगितल्यावरच ते पुरे होते.

दैवाचा प्रश्न चरकसंहितेच्याच विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात येतो. पूर्वदेहात केलेले कर्म ते दैव आणि या देहात केलेले ते पुरुषकार, अशी तेथील व्याख्या आहे. म्हणजे दैव हेही कर्मच, फक्त आधीचे. दोहोंत जे बलवान ते दुसऱ्यावर मात करते. सर्वांचे आयुष्य आधीच ठरलेले असते तर कोणी औषध घेतले नसते आणि साप किंवा पिसाळलेला हत्ती यांच्यापासून कोणी दूर पळाले नसते, असा तेथील युक्तिवाद आहे. बुरोंडीत पृथ्वीगोलावर ज्याचा पुतळा उभा आहे तो परशुराम सात चिरंजीवांपैकी एक मानला जातो. वैद्यक मात्र अमरत्वाचे आश्वासन देत नाही. काही रोग असाध्य असतात, हे ते मान्य करते. सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात माणसाच्या तीन एषणा सांगितल्या आहेत: प्राणाची, धनाची आणि परलोकाची. त्यांत प्राणैषणा पहिली, कारण प्राण गेला की बाकी सर्व गेले. आरोग्याची काळजी घेणे ही देहासक्ती नव्हे, हा या क्रमाचा अर्थ.

विमानस्थानाचा तोच अध्याय साथीच्या रोगांचाही विचार करतो. प्रकृती, आहार, वय सगळे वेगवेगळे असलेली माणसे एकाच रोगाने एकदम का मरतात? कारण वायू, जल, देश आणि काळ हे सर्वांना समान असतात; ते बिघडले की एकट्याच्या पथ्याला मर्यादा पडते. या बिघाडाच्या मुळाशी राज्यकर्त्यांचा आणि समाजाचा अधर्म असतो, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे दुखण्याची जबाबदारी व्यक्ती, समाज आणि नियती यांच्यात वाटली गेली. जाणतेपणी अहिताची निवड करणे याला चरक प्रज्ञापराध म्हणतो. बुद्धी, धैर्य आणि स्मृती यांच्या ढळण्यातून तो घडतो. प्रत्येक आजाराला हा अपराध चिकटवता येत नाही.

आहाराचा दुसरा विचार धर्माचा आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणे आणि मुळीच न खाणे दोन्ही योगाला बाधक मानले आहे. १७ व्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस आणि तामस असे भेद येतात. १२९० च्या ज्ञानेश्वरीने हे विवेचन मराठीत आणले. येथे कसोटी चित्तावर होणाऱ्या परिणामाची आहे, तर वैद्याची कसोटी देहावर होणाऱ्या परिणामाची. दोन्ही नेहमी जुळत नाहीत. मनुस्मृती द्विजांना लसूण वर्ज्य सांगते, तर वैद्यक लसणाला औषध मानते. चरक राजयक्ष्म्याच्या (क्षयाच्या) रोग्याला मांसरस देतो.

या संघर्षातून वाट काढणारे नियम धर्मशास्त्रातच आहेत. दापोलीत शालेय शिक्षण झालेले भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘हिस्ट्री ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथात भोजनाचे आणि व्रतांचे नियम विस्ताराने नोंदवले आहेत. पाणी, मुळे, फळे, दूध, हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे एक वचन परंपरेत आहे. त्यानुसार एकादशीला गोळी चुकवणाऱ्या मधुमेही माणसाला शास्त्राचा आधार नाही. उलट उपवासाचा साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो, तो दक्षिण अमेरिकेतून आलेला. स्मृतिकारांना तो ठाऊकच नव्हता. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्च असतो, त्यामुळे मधुमेह्याची साखर तो झपाट्याने वाढवतो.

छांदोग्य उपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची कथा गरजेची सीमा दाखवते. दुष्काळात उपाशी असलेला उषस्ती हत्ती बाळगणाऱ्याचे उष्टे कुल्माष (एक हलके धान्य) खातो, पण त्याचे उष्टे पाणी नाकारतो. कुल्माष न खाता जगता आले नसते, पाणी मात्र हवे तेथे मिळते, हे त्याचे कारण. नियम मोडायचा तो गरजेपुरताच.

आजच्या शाकाहारी घरांपुढे हाच पेच बी-१२ जीवनसत्त्वाच्या रूपाने उभा आहे. ते वनस्पतींतून मिळत नाही. मासे, मांस, अंडी आणि काही प्रमाणात दूध हे त्याचे स्रोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये बी-१२ कमी आढळले. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वांत जास्त दिसला. हा निष्कर्ष दुहेरी आहे: कमतरता अपायकारक, आणि तिच्याकडे न पाहता दुसरे जीवनसत्त्व वाढवणेही निर्धोक नाही. माळकऱ्याला मात्र येथे नियम मोडावा लागत नाही, कारण गोळीतील बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असेल तर ते प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून बनते. त्याऐवजी वनस्पतिजन्य आवरण किंवा साधी गोळी निवडता येते.

मासे खाणाऱ्या किनाऱ्यावर ही अडचण कमी. बांगडा आणि तारली यांतून बी-१२, ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले मिळतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि अनेक घरे श्रावणही पाळतात. तेव्हा कुळथाची पिठी आणि नाचणी पुढे येते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अशा आहाराला डबीतल्या पूरकांची जोड तपासणीत कमतरता दिसली तरच लागते.

वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी, ही समजूत चरकाला मान्य नाही. नीट योजलेले विषही औषध होते आणि चुकीचे योजलेले औषध विष होते, असे तो सांगतो. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. सोलकढीतून ते अन्न म्हणून पोटात जाते. पण कोकमाच्याच गार्सिनिया वंशातील दुसऱ्या झाडाचा अर्क वजन घटवण्यासाठी विकला जातो, आणि त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. करोनाकाळात गुळवेलीचे काढे घराघरांत पोहोचल्यावर मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर वनस्पतीची ओळख चुकल्याची शक्यता मांडली. दोन्ही बाजूंतून एक गोष्ट स्पष्ट होते: ओळख आणि मात्रा पक्की नसेल तर ‘नैसर्गिक’ हा शब्द हमी देत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना हळदीचा तीव्र अर्क घेण्यात रक्तस्रावाचा धोका असतो. ड जीवनसत्त्वाचा अतिरेक रक्तातील कॅल्शियम वाढवतो.

एखाद्या उपायाने गुण येतो हे ठरवायचे कसे, याची ज्ञानमीमांसाही चरकाने दिली आहे. आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्याबरोबर तो युक्ती हे प्रमाण मानतो. युक्ती म्हणजे अनेक कारणांच्या संयोगातून फळ कसे येते हे पाहणारी बुद्धी. पडसे काढ्याने गेले की सात दिवस भरले म्हणून गेले, हे केवळ प्रत्यक्षाने कळत नाही. आजीचा शब्द हा आप्तोपदेश म्हणून आदरणीय, पण तो युक्तीची जागा घेत नाही.

उपचार चार पादांवर उभा असतो असे चरक मानतो: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. आठवण, सांगितलेले पाळणे, निर्भयता आणि दुखणे नीट सांगता येणे हे रोग्याचे गुण. या यादीत पापपुण्य नाही. रोगी अपराधी नसतो आणि नुसता भोगणाराही नसतो. तो उपचाराचा भागीदार असतो. जाहिरात पाहून डबी विकत घेणाऱ्याजवळ मात्र चारांपैकी द्रव्य तेवढे असते. निदान करणारा वैद्य नाही, लक्ष ठेवणारा परिचारक नाही, आणि दुखणे सांगायला ऐकणारा कोणी नसल्याने रोग्याचा पादही अर्धाच राहतो. भोग आणि पथ्य यांतली सीमा आधी ठरवता येत नाही. चारही पाद जागेवर असताना जे टळते ते पथ्याचे, आणि त्यानंतरही जे उरते तेवढेच दैवाचे म्हणता येते.