नित्यकर्म आणि चित्रकर्म

कलेची पदवी पदरात पडावी म्हणून विद्यार्थ्याला जे जे पुरे करावे लागते, ते पुरे केल्याने कला साध्य होते काय, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणखात्याच्या दप्तरातला वाटतो. परंतु थोडे खोल उतरून पाहिले, तर ज्या वादाने आपल्याकडील मीमांसक आणि वेदान्ती यांना शतकानुशतके झुंजत ठेवले, त्याचाच हा एक धाकटा वंशज आहे, असे ध्यानात येते. विहित कर्म यथासांग केल्याने परम पुरुषार्थ हाती लागतो, की कर्माची सगळी यादी संपल्यावरही तो आपला अस्पर्शितच राहतो, हा तो मूळ वाद. त्यात यज्ञशाळेच्या जागी चित्रशाळा आणि ऋत्विजांच्या जागी परीक्षक बसवले, तरी युक्तिवादाचा सांगाडा फारसा हलत नाही.

चित्रशाळा म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच उभे राहते, आणि ते स्वाभाविकही आहे. सर जमशेटजी जिजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ही शाळा सुरू झाली. पुढे गव्हर्न्मेंट डिप्लोमा इन आर्ट, म्हणजे ज्याला आपण सगळे जी. डी. आर्ट म्हणत आलो, ती सनद हीच तेथील पूर्णतेची खूण ठरली. आणि १९८१ साली मुंबई विद्यापीठाशी संलग्नता आल्यावर त्या जागी चार वर्षांची बी. एफ. ए. ही पदवी आली. या वाटेचा आरंभ पुष्कळदा शाळकरी वयातच होतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन यांची रुजवात होते. मग प्रवेशपरीक्षा, मग पायाभूत वर्ष, आणि मग हजेरीपट, सबमिशन, ज्युरी, सत्रान्त परीक्षा, कलेतिहासाचा लेखी पेपर आणि एखादा विषय राहिलाच तर केटी, अशी ती दीर्घ मालिका. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात शिक्षकाची तारखेसह सही असल्यावाचून तो कागद हिशेबात धरला जात नाही, आणि ज्याच्या सह्या अपुऱ्या त्याची प्रतिभा कितीही उत्तुंग असली, तरी सत्राच्या अखेरीस तो विनवण्या करीत बाई-सरांच्या मागे व्हरांड्यातून फिरताना दिसायचाच.

मीमांसकांनी कर्मांचे जे वर्गीकरण केले आहे, त्यात या सगळ्या खटाटोपाला कोठे बसवावे? काम्य कर्म ते, की जे एखाद्या फलाच्या इच्छेने करावयाचे असते. स्वर्गाची कामना असणाऱ्याने ज्योतिष्टोम करावा, पाऊस हवा असणाऱ्याने कारीरी इष्टी करावी, असे त्याचे स्वरूप. नित्य कर्माचे तसे नाही. संध्यावंदन केल्याने विशेष काही मिळते असे कुमारिलाच्या संप्रदायात सांगत नाहीत. ते न केल्याने मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. पदवीच्या आवश्यकता मला या दुसऱ्या वर्गातल्या वाटतात. पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली म्हणून कोणी चित्रकार झाल्याचे ऐकिवात नाही, पण ती न भरल्याने लागणारा प्रत्यवाय मात्र रोकडा असतो व त्याची नोटीस फलकावर लागते. संस्थांची चूक अशी, की त्या आपल्या माहितीपत्रकांतून या नित्य कर्माची काम्य कर्म म्हणून जाहिरात करतात: एवढे करा, म्हणजे कलावंत व्हाल. विद्यार्थी त्या वचनावर भरवसा ठेवून चार वर्षे राबतो, आणि शेवटी स्वर्ग दिसला नाही म्हणजे सगळ्या यज्ञसंस्थेलाच दांभिक म्हणू लागतो.

याहून गमतीची गोष्ट अपूर्वाची आहे. यज्ञ आज संपतो, आणि फल मिळावयाचे ते मरणोत्तर. मग मधल्या काळात कर्म आणि फल यांना सांधणारे काय, या अडचणीतून मीमांसकांनी अपूर्व नावाची एक अदृश्य शक्ती मानली, जी कर्मातून उत्पन्न होऊन कर्त्याच्या नावे साठून राहते आणि काळ आला की फलरूपाने प्रकट होते. ही कल्पना ज्यांना विलक्षण वाटत असेल त्यांनी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरचा श्रेयांकांचा कारभार नजरेखालून घालावा. तीस तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीला असे किमान एकशेसाठ, आणि ते विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा राहावेत म्हणून २०२१ पासून चक्क एक पेढी, तिचे नावच ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’. मातीचे शिल्प मोडून पुन्हा पिंपात गेले, सराव म्हणून खरडलेले कागद रद्दीवाल्याकडे गेले, तरी त्यांतून निघालेले अपूर्व खात्यात शाबूत! मीमांसासूत्रकार जैमिनीला हे दाखवता आले असते, तर तो फारसा चकित झाला नसता, असे मला वाटते. विचारलेच असते तर एवढेच, की फल देणारे हे अपूर्व कर्त्याच्या आत्म्यात राहते की दिल्लीतल्या एखाद्या संगणकात.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या चौथ्याच सूत्रावर भाष्य करताना कर्माने साधणाऱ्या गोष्टींची चतुर्विध विभागणी डोळ्यांपुढे ठेवली आहे: कर्माने एखादी वस्तू उत्पन्न होते, किंवा प्राप्त होते, किंवा तिच्यात विकार होतो, किंवा तिच्यावर संस्कार होतो. मोक्ष या चारांपैकी कोणताच नव्हे, म्हणून कर्म त्याचे साक्षात् साधन होऊ शकत नाही. कर्माचा अधिकार चित्तशुद्धीपर्यंतच. ज्ञान हे वस्तूच्या अधीन असते, कर्त्याच्या इच्छेच्या नव्हे. हेच सूत्र चित्रशाळेला लावून पाहिले, तर हाताचे वळण, रंगांची तयारी, शरीररचनेची माहिती, छपाईच्या तंत्रावरील हुकमत ही सगळी संस्काराच्या सदरात खुशाल पडतील. पण ज्याला आपण दृष्टी म्हणतो ती कोणत्या सदरात घालावी?

पहिल्या वर्षाच्या वर्गात कोणीही जाऊन पाहावे. चौरंगावर पांढऱ्या पडद्याच्या चुण्या पाडून पुढे पितळेची कळशी आणि दोन-चार वांगी मांडलेली असतात, आणि भोवती अर्धवर्तुळात बसलेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या कागदावर एकच प्रमाद उतरलेला असतो: कळशीचे तोंड लंबवर्तुळाकार काढले आहे, पण त्याची दोन्ही टोके बदामासारखी अणकुचीदार झाली आहेत, आणि बूड मात्र पट्टीने आखल्यागत सरळ. हे अज्ञानाने होत नाही. बूड चौरंगावर सपाट टेकले आहे हे त्या मुलाला पक्के ठाऊक असते, आणि जे ठाऊक आहे ते तो दिसण्यावर आरोपित करतो. शंकराचार्यांनी ज्याला अध्यास म्हटले, त्याचे यापेक्षा चोख उदाहरण मला दोरी आणि साप यांतही सापडत नाही. कारण सापाचे भय दिवा आणला की जाते, पण येथे खिडकीतून लख्ख उजेड येत असतो आणि तरीही कळशीऐवजी कळशीविषयीचे ज्ञानच कागदावर उतरते. शिक्षक मागून येतात, काही न बोलता बुडाशी एक वाकडी रेघ ओढतात आणि पुढे जातात. मुलगा ती रेघ गिरवतो, पुढच्या कागदावर पुन्हा सरळ बूड काढतो, पुन्हा रेघ येते. असे किती कागद झाले म्हणजे त्याला ते बूड वळलेले दिसू लागेल, हे कोणत्याही अभ्यासमंडळाला ठरवून देता येणार नाही. एखाद्याला चौथ्या कागदावर दिसते, एखाद्याला चाळिसाव्यावर, आणि एखादा रेघेची नक्कल इतकी सफाईने उचलतो की त्याला प्रथम वर्ग मिळतो आणि बूड शेवटपर्यंत दिसतच नाही.

येथवर आचार्यांचा पक्ष बिनतोड वाटतो. तरीही मला तो कलेच्या प्रांतात पुरता मान्य होत नाही, आणि त्याचे कारण त्या कळशीपाशीच आहे. ज्या मुलाने ‘मला आता दिसले’ असे म्हटले, पण ज्याच्या हातून ते उतरले नाही, त्याला खरोखर दिसले होते असे कोणता चित्रकार कबूल करील? वेदान्तात ज्ञान झाल्यावर कर्म गळून पडले तरी चालते. चित्रकाराचे ज्ञान मात्र हाताच्या हालचालीतच पुरे होते, त्याला हातावेगळे अस्तित्वच नाही. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी लिहिलेल्या गीतारहस्याशी वेदान्त्यांनी कितीही वाद घातले असोत, ज्ञान आणि कर्म यांची फारकत होऊ देऊ नये हा टिळकांचा आग्रह चित्रशाळेत तरी निर्विवाद ठरतो. तेव्हा सरावाचे ढीगभर कागद ही केवळ चित्तशुद्धी नव्हे. ते ढीग म्हणजे दृष्टी नव्हे, हे खरे. पण दृष्टी येते ती त्या ढिगातल्याच एखाद्या कागदावर, दुसरीकडे कोठे नाही.

जे. जे. च्याच इतिहासात याला एक सुरेख दाखला आहे. लॉकवुड किपलिंग आणि त्यांच्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांच्या अमदानीत विद्यार्थ्यांचा अभ्यास बव्हंशी अलंकरणाचा असे. पाने, फुले, पशुपक्षी यांची चित्रे करावयाची आणि ती दगड-मातीत उतरवावयाची. त्याच सुमारास, १८७८ ते १८८८ या दशकात, जवळच व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत उभी राहत होती, आणि तिच्या कमानी-खांबांवरील कोरीवकामात या विद्यार्थ्यांचा हात लागला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती ग्रिफिथ्सने १८७२ पासून वर्षानुवर्षे करवून घेतल्या, त्याही विद्यार्थ्यांकडूनच. गुरूने नेमून दिलेले, स्वतःच्या निवडीचा लवलेश नसलेले हे काम. पण स्टेशनात शिरताना मान वर करून ती पाने-फुले पाहणारा कोणीही त्यांचे गुण विचारत नाही. प्रभाकर मीमांसक म्हणे, की विधीने सांगितले एवढेच कर्माला पुरेसे कारण आहे, फलाची लालूच मध्ये आणण्याची गरज नाही. हे मत पूर्वी मला कोरडे वाटे. आता वाटते, की न निवडलेल्या कामातच वस्तू आपला प्रतिकार पुरेपूर प्रकट करते. आवडीचे तेवढेच करणारा आपल्या सवयींभोवती घोटाळत राहतो.

अर्थात विधीवर विसंबून राहणाऱ्यांचा गर्व उतरवणारी माणसेही याच आवारातून गेली आहेत. फ्रान्सिस न्यूटन सूझाला छोडो भारत चळवळीतल्या सहभागापायी शाळेतून काढून टाकण्यात आले, आणि १९४७ साली त्यानेच प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्या मंडळाशी पुढे जोडला गेलेला वासुदेव गायतोंडे मात्र १९४८ साली रीतसर डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेला. एकाने विधी मोडला, दुसऱ्याने पाळला. त्यांची चित्रे समोर ठेवून कोणता कोण हे सांगता येईल असे मला वाटत नाही. आणि तिसरी तऱ्हा रावबहादूर धुरंधरांची: १८९० साली विद्यार्थी म्हणून आले ते येथेच शिक्षक झाले, वरच्या अधिकारपदांपर्यंत चढले, आणि निवृत्तीनंतर ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या नावाने आपले आत्मवृत्त लिहिते झाले. शाळेला मंदिर म्हणण्याची ही निष्ठा आजच्या विद्यार्थ्याला भाबडी वाटेल. पण नित्यकर्म हे ओझे न वाटता राहण्याची जागा होऊ शकते, याचा तो सज्जड पुरावा आहे.

इतका वेळ मी मीमांसेचा हात धरून चाललो. तो एके ठिकाणी सोडावा लागतो. मीमांसकांचा वेद अपौरुषेय आहे. विधीला कर्ताच नाही, म्हणून ‘हे का?’ असे विचारावयाचे ते कोणाला, हा प्रश्नच उद्भवत नाही. अर्थ लावावा, मर्यादा ठरवावी, आणि करावे. अभ्यासक्रम तसा नाही. तो अमुक तारखेच्या बैठकीत, अमुक सभासदांच्या सूचनेवरून, कधी कधी दुपारच्या चहाआधी उरकून घ्यावा म्हणून मंजूर झालेला असतो, आणि त्याचे इतिवृत्त असते. तरीही विद्यार्थी आणि पुष्कळदा शिक्षकही त्याला श्रुतीचे प्रामाण्य देऊन बसतात. ‘वरून आले आहे’ या तीन शब्दांनी हजारो तासांचे काम पवित्र होऊन जाते. बत्तीस कागदच का, चाळीस का नाहीत, पुतळ्यांवरून रेखाटन अजून का, आणि वारली घरांच्या भिंतींवरील चित्रांचा अभ्यास ऐच्छिक का, हे प्रश्न उद्धटपणाचे गणले जातात. वास्तविक पौरुषेय विधीबाबत असे विचारणे हा अधिकार आहे, आणि उत्तर देणे हे विधिकर्त्याचे नित्यकर्म आहे. त्याने ते टाळले तर प्रत्यवाय त्यालाही लागला पाहिजे.

२०२३ साली जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे विद्यापीठाने कळवले, आम्ही अंमल केला, ही पूर्वीची सबब तेथे आता चालणार नाही. किती कागद, कोणते विषय, कोणता क्रम, हे त्याच आवारात ठरणार. कळशीच्या बुडाशी वाकडी रेघ ओढणारे शिक्षक आणि अभ्यासक्रम लिहिणारे हात एकाच इमारतीत आले आहेत. आता पहिल्या वर्षाच्या एखाद्या मुलीने आपला अपुऱ्या सह्यांचा कागद पुढे करून ‘सर, हा का करायचा?’ असे विचारले, तर तिला दाखवायला त्यांच्यापाशी परिपत्रकाखेरीज आणखी काही असावे लागेल.