नियत साफ, पण हात तयार?

फुटबॉलच्या मैदानावरून नीतीचा प्रश्न उचलावा, हे काहींना विचित्र वाटेल. पण पद स्वीकारण्याआधी माणसाने स्वतःला काय विचारावे, हा प्रश्न आम्हांला गॅरी नेव्हिल यांच्या चार महिन्यांच्या कारकिर्दीत जितका स्वच्छ दिसला, तितका क्वचितच कुठे दिसला असेल.

नेव्हिल मँचेस्टर युनायटेडचे माजी कर्णधार. 2011 साली खेळणे थांबवल्यावर टीव्हीवर सामन्यांची चिरफाड करणारे जाणकार म्हणून त्यांचे मोठे नाव झाले. इंग्लंड संघाचे ते सहायक प्रशिक्षकही होते. 2 डिसेंबर 2015 रोजी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. त्याआधी त्यांनी एकही संघ स्वतःच्या जबाबदारीवर चालवला नव्हता. स्पॅनिश येत नव्हते. संघाचे मालक पीटर लिम हे सिंगापूरचे उद्योगपती, आणि सॅल्फर्ड सिटी या छोट्या इंग्लिश क्लबात नेव्हिल यांचे तेव्हाचे भागीदार.

लीगमधले पहिले नऊ सामने विजयाविना गेले. 3 फेब्रुवारी 2016 ला बार्सिलोनाने 7-0 असे हरवले. लीगच्या सोळा सामन्यांत तीन विजय मिळाले आणि 30 मार्चला त्यांना काढण्यात आले. युरोपा लीगमध्ये व्हिएन्नाच्या संघावर 6-0 असा विजयही याच काळातला, तो विसरू नये.

हरणे हा गुन्हा नव्हे. नवखेपण हाही नव्हे. इमामसुद्धा कधीतरी पहिल्यांदाच मिंबरवर चढतो. मग चुकले कुठे? हे काम नाकारले असते तर आपली विश्वासार्हताच गेली असती, अशा आशयाचे नेव्हिल पद घेताना बोलले होते. आम्हांला खटकते ते हेच. हा हिशेब स्वतःच्या नावाचा आहे. ज्या खेळाडूंना ते हाताखाली घेणार होते, त्यांचा त्यात उल्लेख नाही. मध्यंतर पंधरा मिनिटांचे. त्यातला वाटा दुभाष्याला गेला तर घाबरलेल्या पोराला धीर कधी द्यायचा, हा प्रश्न आधी यायला हवा होता.

आपल्या परंपरेत पदाला अमानत म्हटले आहे. हजरत अबू जर यांनी पद मागितले तेव्हा पैगंबरांनी (स.) ते दिले नाही, ही अमानत आहे आणि तुम्ही या कामी दुर्बल आहात, असे समजावले. अबू जर यांच्या सचोटीबद्दल कोणालाच शंका नव्हती. म्हणजे साफ नियत आणि कामाची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि इथे नकार देणाऱ्याचे धैर्य पाहा. लिम यांच्याकडे ते नव्हते. मैत्री हीच पात्रता मानणारा मालक घेणाऱ्याइतकाच, कदाचित अधिक, जबाबदार. (आपल्या मशिदींच्या ट्रस्टवर आणि शाळांच्या व्यवस्थापनात ‘आपला माणूस’ कसा येतो, याची उदाहरणे वाचकांना आमच्याहून जास्त ठाऊक असतील.)

योगायोग असा, की 3 जानेवारी 2016 ला नेव्हिल यांच्याच संघाने रिअल माद्रिदला 2-2 असे रोखले. दुसऱ्या दिवशी रिअलने प्रशिक्षक बेनिटेझ यांना काढले आणि झिनेदिन झिदान यांना आणले. अल्जीरियातून फ्रान्सला गेलेल्या कष्टकरी बापाचा हा मुलगा, खेळाडू म्हणून विश्वविजेता. अव्वल दर्जाच्या संघाचे प्रमुखपद त्यांनाही पहिलेच. त्यांनी 2016, 2017 आणि 2018 अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग जिंकली. त्यांच्या हाताशी रोनाल्डो होता, म्हणून यशाची तुलना आम्ही करत नाही. तुलना पायऱ्यांची आहे. झिदान आधी अँचेलोटी यांचे सहायक होते, नंतर दीड वर्ष तिसऱ्या श्रेणीत खेळणारा रिअलचा दुय्यम संघ त्यांनी सांभाळला. तिथेही ते हरले, पण त्या हरण्याची किंमत थोडी होती आणि भाषा त्यांना येत होती.

नेव्हिल टीव्हीवर परतले. त्यानंतर कुठल्याही संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी घेतलेले नाही.