द्वैमातुर

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर लक्ष्मीशेजारी गणपती बसलेला असतो. त्याची पुष्कळशी नावे आपल्याला पाठ असतात. पण अमरकोशाने दिलेले एक नाव सहसा कोणी घेत नाही. ते नाव ‘द्वैमातुर’, म्हणजे दोन आयांचा. त्याच्या भावाचे, कार्तिकेयाचे, नाव तर ‘षाण्मातुर’. त्याला सहा आया! देवांच्या घरी ही बिरुदे झाली. माणसांच्या घरी मात्र दोन आया लाभलेल्या मुलासाठी आपण ‘सावत्र’ हा एकच शब्द राखून ठेवला आहे, आणि तो उच्चारताना आपला आवाज नकळत खाली येतो.

या शब्दाचे मूळ पाहू गेले तर ते ‘सापत्न’ असे निघते, आणि त्याच्यामागे उभी असते ती ‘सपत्नी’, म्हणजे सवत. संस्कृतात ‘सपत्न’ म्हणजे शत्रू असाही अर्थ आहे. एका छपराखाली एका नवऱ्याच्या दोन बायका नांदत, त्या काळचे भांडण या शब्दात साठून राहिले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिलीच्या नांदत्या संसारात दुसरी आणण्याची वाट बंद केली. दुसरी येते ती बहुधा पहिली गेल्यावर. सवत उरली नाही. पण तिच्या नावाचा डाग मुलांच्या अंगावर तसाच राहिला.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. माझी पहिली पत्नी गेली तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. जिच्याशी मी पुन्हा संसार मांडला, तिचा नवरा गेला तेव्हा तिचा मुलगा पाळण्यात होता. आज मुलगी सोळा वर्षांची आहे, मुलगा नऊ. आणि आम्हा चौघांचे हे घर दोन वर्षांचे. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मास्तरकी करावी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, अशा माणसाच्या घरी मोठ्या घटना घडत नसतात. मुलगी दहावी झाली, मुलगा सायकल शिकला, घरावर नवे पत्रे पडले, एवढ्याच यंदाच्या बातम्या. तरी वर्षाचा ताळेबंद मांडताना एक प्रश्न मला सोडीत नाही. ज्याला आपण जन्म दिला नाही, त्याच्यावर पोटच्या मुलाइतकेच प्रेम करणे हे कर्तव्य असू शकते काय?

प्रेम हुकमाने होत नाही, हे कोणीही सांगेल. मग कर्तव्य उरते ते कशाचे? महाभारतात यक्षाच्या तळ्याकाठी चार भाऊ निष्प्राण पडले आहेत आणि त्यांतला एकच उठणार आहे. युधिष्ठिर भीमाला मागत नाही, अर्जुनाला मागत नाही. तो नकुलाला मागतो. या सापत्न भावासाठी एवढे का, असे यक्ष चकित होऊन विचारतो. युधिष्ठिराचे म्हणणे साधे आहे: कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, तसा माद्रीचाही एक असावा. कोण अधिक आवडता, हा विचार तिथे येतच नाही. आवड मनाची आणि वाटा न्यायाचा. मनावर आपली सत्ता नाही, वाट्यावर आहे.

इथे कोणी म्हणेल, आई का कधी वाटे मोजते? मोजावे लागले, तिथे माया कमी आहे हे सिद्धच झाले! या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते मी घरातच पाहिले. पहिल्या वर्षी आमच्या घरी पुरणपोळी झाली की पहिली पोळी मुलीच्या ताटात पडे, तुपाची धार तिच्याच पोळीवर मोठी. स्वतःच्या मुलाला ही बाई दोनदा मागायला लावी. आळीतल्या बायकांचे डोळे तिच्या हाताकडे असत ना! लोकांनी सावत्र म्हणू नये म्हणून ती पोटच्या पोराशी सावत्रपणाने वागत होती. जगाला दाखवण्यासाठी केलेल्या न्यायात असा एक अन्याय लपलेला असतो. युधिष्ठिराचे बरे होते. तळ्याकाठी शेजारणी नव्हत्या.

हे कोडे सुटले ते माझ्या कुठल्या उपदेशाने नव्हे. या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मुलगी सांगून गेलेल्या वेळेपेक्षा फार उशिरा घरी आली, आणि हिने तिला पहिल्यांदा खडसावले. अगदी मुलाला खडसावते तसे, शेजारी ऐकतील याची पर्वा न करता. मुलीने दार आपटले. रात्री ती जेवली नाही. सकाळी मात्र तेलाची बाटली आणि कंगवा घेऊन ती मुकाट्याने हिच्यापुढे येऊन बसली. त्या दिवसापासून तूप दोन्ही ताटांत सारखे पडते, आणि कोणी मोजत नाही. पाहुण्याला कोणी रागावत नाही. रागावून घेण्याचा हक्क हाही घरातला एक वाटाच आहे.

तरी मुलगी तिला ‘आई’ म्हणत नाही, ‘मावशी’ म्हणते. मुलगा मला शाळेत म्हणतो तसे घरीही ‘गुरुजी’च म्हणतो. माय मरो आणि मावशी जगो, असे आपल्याकडे म्हणतात. त्यातला पहिला भाग कठोर आहे. पण मावशीला आईचे नाव न देता आईचे काम देणारी ही म्हण मोठी जाणती आहे. 

उन्हाळ्यात दहावीची गुणपत्रिका आली. तिच्यावर आईचे नाव छापलेले असते. तिथे अर्थातच माझ्या पहिल्या पत्नीचे नाव होते. वर्षभर पहाटे चारला उठून चहा करून देणारी दुसरी होती. तिने त्या नावावर बोट ठेवून ते वाचले, आणि “आधी हिच्यापुढे ठेव” म्हणून मुलीला तसबिरीकडे पाठवले. तिला काही वाटले नसेल, असे मी म्हणणार नाही. वाटूनही तिने ते केले, यालाच मी धर्म म्हणतो.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचे, असे महाराष्ट्र सरकारने ठरवले. चांगले झाले. पण कागदावर आईची जागा एकच, आणि वडिलांचीही एकच. मुलाच्या नावापुढे त्याच्या जन्मदात्याचे नाव आहे, आडनावही त्याचेच; वर्गात हजेरी घेताना ते रोज माझ्याच तोंडून निघते. “बदलून घ्या की गुरुजी,” असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. गेलेल्या माणसाजवळ मुलाला देण्यासारखे नावच तेवढे उरलेले असते. ते काढून घेण्याचा अधिकार मला कोणी दिला?

कागदाचे काम मात्र कागदानेच करावे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलांच्या मिळकतीला दोन्ही बायकांची मुले सारखीच वारस. पण सावत्र आईच्या मिळकतीत सावत्र मूल तिचे मूल म्हणून वारस होत नाही. म्हणून अशा घरात मृत्युपत्र लिहून ठेवणे हा अपशकुन नसून शहाणपण आहे.

धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. रघुनाथराव पहिल्या घरचे. शंकरराव, दिनकरराव आणि भास्करराव दुसऱ्या घरचे. त्यांतल्या रघुनाथरावांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आज ती सारी नुसती कर्व्यांची मुले आहेत. कोण कोणत्या आईचे, हे पाहायला मुद्दाम चरित्र उघडावे लागते.

आमच्या जिल्ह्याला तर याहून जुना दाखला आहे. गंगाखेडची जना लहानपणी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि तिथेच वाढली. स्वतःला ती नामदेवांची दासी म्हणवीत राहिली. पण गाथेत तिचे अभंग नामदेवांच्या घरच्यांच्या पंक्तीला बसले आहेत. मे महिन्यात आम्ही चौघे गंगाखेडला गेलो होतो. देवळातून गोदेकडे उतरताना मुलाने विचारले, “जनाबाई नामदेवांची कोण?” मी बहीण, दासी, शिष्या असे शब्द जुळवीत होतो, तोच मुलगी म्हणाली, “अरे, त्यांच्या घरातली.”

सुरुचीने बापाच्या मांडीवरून दूर लोटलेला ध्रुव आभाळात अढळ झाला, ही कथा आपण मुलांना कौतुकाने सांगतो. ती सांगताना मला आता त्या ताऱ्याचे फारसे अप्रूप वाटत नाही. मांडीवर थोडे सरकून दोघांना जागा झाली असती, तर पाच वर्षांच्या पोराला रानात जावे लागले नसते. या दिवाळीत पुष्कळ घरांतून नव्या बहिणी नव्या भावांना ओवाळतील. काही हात अवघडतील, काही जणांना डोळ्यांसमोर गेलेले माणूस दिसेल. त्यांना कोणी घाई करू नये. फराळाचे ताट सारखे भरावे, तसबिरीपुढेही एक पणती ठेवावी, आणि बाकीचे वर्षांवर सोपवावे.