काळविटाचे मांस आणि मृगयेची मर्यादा

काळवीट म्हणजे संस्कृत ग्रंथांतला कृष्णसार. नराची पाठ गर्द काळी, पोट पांढरे, शिंगांना पीळ. मादी पिवळसर तपकिरी, बहुधा बिनशिंगी. मोकळ्या गवताळ रानात कळपाने राहणाऱ्या या कुरंगाला धर्मशास्त्राने दोन ठिकाणी मान दिला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तो जिथे स्वभावतः वावरतो ती भूमी यज्ञाला योग्य ठरते. तिसऱ्या अध्यायात एणाच्या, म्हणजे काळविटाच्या, मांसाने केलेल्या श्राद्धाने पितर 8 महिने तृप्त राहतात; बोकडाच्या मांसाने 6. भूमी पवित्र करणारा प्राणी मारून खावा का, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

परंपरेने याचे उत्तर सरळ होकारात दिलेले नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात अगस्त्यांनी रानातले पशू देवतांना प्रोक्षण करून अर्पण केले, म्हणून क्षत्रियाला मृगयेचा दोष लागत नाही, असे भीष्म सांगतात. पण अहिंसा हा परम धर्म, हेही त्याच विवेचनात ठामपणे येते. मनुस्मृतीचा पाचवा अध्यायही मांसभक्षणाला दोष न देता त्यापासून निवृत्त होण्याचे फळ मोठे मानतो. म्हणजे शिकार ही मुभा आहे, कर्तव्य नव्हे. आणि मुभेला मर्यादा असते.

ती मर्यादा कथांत स्पष्ट होते. मृगरूपातला किंदम ऋषी पंडूला शाप देतो तो शिकारीबद्दल नव्हे, मैथुनात असलेल्या जोडप्यावर बाण सोडल्याबद्दल. वनपर्वात द्वैतवनातली उरलीसुरली हरणे युधिष्ठिराच्या स्वप्नात येतात. आता आम्ही बीजापुरतेच उरलो आहोत, तुम्ही दुसरीकडे जा, अशी ती विनवणी करतात. युधिष्ठिर जागा होतो, भावांना सांगतो आणि पांडव काम्यकवनात जातात. खाण्याचा अधिकार बीजापाशी संपतो, हे त्याला कोणत्याही शास्त्रार्थाशिवाय पटते.

बालाघाट आणि मंडला जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हाच्या जंगलात या विचाराला ठिकाणही लाभले आहे. दशरथाचा बाण श्रवणाला लागला तो तिथल्या श्रवणतालाच्या काठी, अशी स्थानिक श्रद्धा आहे. पाण्याच्या आवाजावर नेम धरणाऱ्या राजाला समोर कोण आहे हे दिसले नाही. न पाहता मारणे हा त्या शिकारीतला दोष.

कान्हा 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तिथल्या मैदानांतला काळवीट विसाव्या शतकात नाहीसा झाला. अलीकडे बाहेरून कळप आणून तो पुन्हा वसवावा लागला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट पहिल्या अनुसूचीत घातला असून त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षांची कैद आहे. कायद्याची भाषा वेगळी असली तरी गाभा युधिष्ठिराने ओळखलेलाच आहे: श्राद्धाचे पान असो वा भुकेल्याचे, बीजापुरत्या उरलेल्या प्राण्यावर कुणाचा हक्क पोचत नाही.