दूरची दृष्टी आणि पाहणाऱ्याचे ऋण

जो अधिक स्पष्ट पाहतो, त्याच्यावर अधिक कर्तव्य येते काय? हा प्रश्न नीतिविचारात जुनाच आहे. परंतु उपग्रहांनी त्यास नवे रूप दिले आहे. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यातील लोणीचे शिवार आज शेकडो मैलांवरून न्याहाळता येते, आणि शेतात उभ्या असलेल्या माणसास त्याची वार्ताही नसते.

उपग्रहाचे चित्र लहान लहान चौकोनांचे बनलेले असते. एका चौकोनात जे जे सामावेल, त्या सर्वांच्या प्रकाशाचा मिळून एकच आकडा होतो. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन ७२.५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे ५२ गुंठ्यांचा होता. लोणीतील एकरभर ज्वारी, तिचा बांध, विहीर आणि शेजाऱ्याची बाभूळ ही सारी त्यात एकजीव होऊन जावीत. २०१९ साली सोडलेल्या कार्टोसॅट-३ च्या कृष्णधवल चित्रातील चौकोनाची बाजू पाव मीटर आहे. एका गुंठ्यात असे सोळाशेहून अधिक चौकोन मावतात.

जोवर दृष्टी जाड होती, तोवर पाहणाऱ्याचे अज्ञान क्षम्य होते. दृष्टी सूक्ष्म झाली की ती सबब उरत नाही. उलट एक नवा मोह उत्पन्न होतो. जे दिसले तेवढेच सत्य, असे वाटू लागते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंच्या तुलनेवरून पिकाचा जोम ठरवितात. युक्ती सुरेख आहे. परंतु ऐन दाणा भरण्याच्या वेळी ओल तुटली, तर ताटे हिरवी राहूनही कणसे पोचट निघतात. ही गोष्ट कणीस हातात चुरगाळणाऱ्यास प्रथम कळते. पीकविम्याच्या कामी उत्पन्नाच्या अंदाजास उपग्रहचित्रे घेण्यास आरंभ झाला असता हा भेद केवळ तात्त्विक राहत नाही. त्यावर एखाद्या घराचे वर्ष अवलंबून असते.

याच तालुक्याच्या पश्चिमेस माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर खचून ते गाव गाडले गेले व सुमारे दीडशे माणसे दगावली. भर पावसाळ्यात ढगांच्या आच्छादनाखालचे काही साध्या कॅमेऱ्यास दिसत नाही. त्यास रडारच हवे. माळीण जागेवर नसल्याचे प्रथम ध्यानात आले ते त्या वाटेने जाणाऱ्या एस. टी. च्या चालकाच्या. काल होते ते आज नाही, हे ओळखणे म्हणजेच दोन तारखांची चित्रे ताडून पाहणे. उपग्रहशास्त्राची रीतही हीच. भेद इतकाच की, चालकाने जे पाहिले ते स्वतःपाशी न ठेवता इतरांस सांगितले. चित्र मात्र कोणी उघडून वाचीपर्यंत मुके असते, आणि न वाचल्याबद्दल कोणासही जाब विचारला जात नाही.

कोणी म्हणेल, यंत्र निःपक्षपाती असते, तलाठ्याच्या पंचनाम्यासारखी त्यास भीड पडत नाही. हे खरे आहे, आणि हा लाभ लहान नव्हे. तथापि निःपक्षपाती साक्षीदाराचीही उलटतपासणी होतेच. ज्याच्याविषयी साक्ष दिली जाते, त्यास ती ऐकण्याचाही अधिकार नसेल, तर तो न्याय नव्हे.

म्हणून दूरची दृष्टी ही साक्ष आहे, निकाल नव्हे. जो इतके बारीक पाहतो, त्याच्यावर दोन ऋणे येतात: जमिनीवर उतरून विचारणे, आणि ज्याचे शेत पाहिले त्यास ते चित्र दाखविणे. पहिल्याने ज्ञान पुरे होते. दुसऱ्याने ते न्याय्य होते. ही ऋणे न फेडता चौकोन कितीही लहान केला, तरी त्यात शेत दिसेल, शेतकरी दिसणार नाही.