आधणाचं पाणी

चीनच्या सिचुआन प्रांतात, आज झिगाँग म्हणतात त्या भागात मिठाच्या विहिरी होत्या. त्यांतली शेनहाय नावाची विहीर १८३५ साली हजार मीटरच्याही खाली पोचली. बांबूच्या नळ्यांनी खारं पाणी उपसायचं आणि भुईतूनच निघणाऱ्या वायूवर मोठ्या कढयांत आटवायचं, असं तिथलं काम. राबून थकलेल्या मजुरांना गरम आणि झणझणीत खायला हवं असे. दान-दान नूडल्स तिथेच, १८४१च्या सुमारास जन्मल्या असं सांगतात. ही गोष्ट त्या दिवसांतली.

एक म्हातारा फेरीवाला कावड घेऊन फिरे. एका टोकाला शेगडी आणि आधणाचं भांडं, दुसऱ्या टोकाला वाडगे, नूडल्स, मसाले. गुडघे बोलू लागले तशी त्याने कावड पुतण्याच्या खांद्यावर दिली. पोरगा हाताचा चलाख. वाडग्याच्या तळाशी मिरचीचं लाल तेल, सोया सॉस, मोहरीच्या देठांचं खारवलेलं लोणचं आणि ह्वाज्यावची पूड घालायची. त्यावर उकडलेल्या नूडल्स आणि डुकराचा परतलेला खिमा. ह्वाज्यावने जीभ बधिर होते. कोकणात बांगड्याच्या कालवणात पडणारं तिरफळ त्याच कुळातलं.

गर्दी वाढली. नूडल्स उकडून उकडून आधण पेजेसारखं दाट होऊ लागलं. ते बदलायचं तर नदीवर उतरायला हवं, आणि पुन्हा उकळी येईपर्यंत गिऱ्हाईक थांबणार कसं? पोराने तेच पाणी रेटलं. नूडल्स बुळबुळीत, चिकट निघू लागल्या तेव्हा तेलाचा हात सैल सोडला. जीभ पेटली की बाकीचं कुणाला कळतं? मजूर घाम पुसत खात आणि वाहवा करत.

ती वाहवा म्हाताऱ्याच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी तो रांगेत येऊन उभा राहिला.

"मला तेल घालू नकोस," तो म्हणाला.

एक घास चावून त्याने वाडगा पुतण्यापुढे धरला. "खाऊन बघ."

पोराने खाल्लं. तोंडात नुसत्या पिठाचा चिकटा.

"पण काका, गिऱ्हाईक तर खूश आहे!"

"तिखटावर खूश आहे, पोरा. तुझ्या हातचं त्याने अजून चाखलंय कुठे?"

पोराने सगळ्यांदेखत भांडं उपडं केलं आणि बादली उचलून नदीची वाट धरली. निम्मी रांग पांगली. त्या दिवशी धंदा बुडालाच. उरलेल्यांनी मात्र नवी उकळी येईपर्यंत वाट पाहिली आणि सुट्या, मोकळ्या नूडल्स खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याची एक जास्तीची घागर पहाटेच नदीवरून भरून आणून ठेवलेली असे. आधण मधेच बदललं जाई, आणि तेल काकाच्या मापानेच पडे.