निरोगी दिवसांची अमानत

आजारी माणसाचे हक्क आणि त्याच्या शुश्रूषेचे पुण्य यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. परंतु जो आज निरोगी आहे, आणि उद्या आजारी पडण्याचा केवळ संभव आहे, त्याचे कर्तव्य काय? रक्तस्रावी तापांच्या साथी हाच प्रश्न आपल्यापुढे ठेवतात.

विषाणू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतच्या मुदतीला अधिशयन काळ म्हणतात. घाटापलीकडे सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली आढळलेल्या माकडतापात ही मुदत साधारण ३ ते ८ दिवसांची असते. इबोलात ती २ ते २१ दिवसांची. काँगो तापात गोचीड चावल्यास बहुधा १ ते ३ दिवसांत ताप येतो. बाधित रक्ताशी संपर्क आल्यास सहसा ५-६ दिवस आणि जास्तीत जास्त १३ दिवस लागतात. भारतातील काँगो तापाचा पहिला उद्रेक जानेवारी २०११ मध्ये गुजरातमधील साणंद तालुक्यात झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याचे निदान केले. त्यात रुग्ण महिलेबरोबरच तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिकाही मृत्यू पावले.

माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. इबोलाचा रुग्णही लक्षणे दिसण्यापूर्वी सहसा इतरांना बाधा करीत नाही. मग निरोगी दिसणाऱ्याने थांबावे कशासाठी? कारण ताप कोणत्या घटकेला, प्रवासात की लग्नमंडपात चढेल, हे त्याला ठाऊक नसते. एकदा तो चढला की निर्णय त्याच्या हाती उरत नाही. इतर लोक त्याला उचलतात, पुसतात, धुतात आणि बाधित होतात. म्हणजे निवड करण्याचे सामर्थ्य असते ते निरोगी दिवसांतच. म्हणूनच हे दिवस अमानत आहेत.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी साथीच्या प्रदेशात जाण्यास मनाई केली, तशीच तेथून पळून बाहेर पडण्यासही केली. ही मनाई केवळ आजाऱ्यांना नव्हती. शामच्या वाटेवर सर्ग येथे ह. उमर (रजि.) यांना अमवासच्या साथीची वार्ता कळली व त्यांनी परतण्याचे ठरविले, तेव्हा ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहने ठरविलेल्या तकदीरीपासून पळणे नव्हे काय. आपण अल्लाहच्या एका तकदीरीकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर ह. उमर (रजि.) यांनी दिले. पुढे ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी वरील हदीस सांगितली आणि निर्णयाला आधार मिळाला. सावधगिरी ही तवक्कुलची विरोधक नाही, हे यावरून स्पष्ट होते.

येथे कोणी म्हणेल, ‘माझा भरवसा अल्लाहवर आहे, मला काही होणार नाही.’ स्वतःच्या जिवापुरता हा भरवसा आहे असे मानले, तरी शेजाऱ्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तवक्कुल स्वतःच्या मनाचा असतो; धोका मात्र दुसऱ्याच्या अंगावर पडतो.

तथापि थांबणाऱ्याचा त्याग एकट्याचा राहता कामा नये. साथीच्या ठिकाणी धीराने, पुण्याच्या आशेने थांबणाऱ्यास शहीदाइतके पुण्य मिळते, अशी शुभवार्ता ह. आयशा (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. मग त्याच्या दारी अन्न, औषध व धीर पोहोचविणे हे वस्तीचे कर्तव्य ठरते. त्याच्याविषयी अफवा पसरविणे किंवा त्याला गुन्हेगार ठरविणे हा दुष्ट संशय आहे, आणि कुरआनने संशयापासून दूर राहण्याची ताकीद दिली आहे. ज्या वस्तीत खरे सांगणाऱ्याची बदनामी होते, तेथे पुढचा माणूस ताप लपवितो.

पलूस परिसरात अनेक घरांचा गोठा अंगणालाच लागून असतो. काँगो तापाचा विषाणू असलेले जनावर सहसा आजारी दिसत नाही. म्हणून कुर्बानीपूर्वी जनावरावरील गोचिडांचा बंदोबस्त करावा, रक्त हाताळताना हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे. मांस नीट शिजविल्यावर विषाणू टिकत नाही. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत मय्यतीच्या गुस्लऐवजी कोरडी शुद्धी, म्हणजे तयम्मुम, सुरक्षित दफनाच्या नियमांत मान्य करण्यात आली. शरीअतची ही सवलत जिवंतांचे प्राण वाचविण्यासाठीच आहे.

अल्लाह आपणांस आरोग्य देवो, आणि आरोग्याच्या दिवसांत इतरांच्या जिवाची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.